हेरफोर्डची मठस्वामिनी

वेस्टफालियातील हेरफोर्डच्या स्त्रीमठावर लेख हवा, असे संपादकांचे पत्र आले आणि त्या संस्थानाचा दप्तरी इतिहास मी एका बैठकीत चाळून संपविला: इसवी सन ८०० च्या सुमारास स्थापना, धर्मसुधारणेनंतर ल्यूथरपंथाचा स्वीकार, सम्राटाखेरीज कोणाचीही ताबेदारी न मानणारी मठस्वामिनी, आणि १८०२ साली प्रशियाने संस्थान खालसा केल्याची नोंद. परंतु १६६७ साली त्या गादीवर बसलेल्या एलिझाबेथने मला पुढे जाऊ दिले नाही.

ती १६१८ साली हायडेलबर्ग येथे जन्मली. पिता फ्रेडरिक याने बोहेमियाचा मुकुट जेमतेम एका हिवाळ्यापुरता धारण करून वडिलोपार्जित राज्यही गमावल्यामुळे तिचे तारुण्य हेग येथे आश्रितांच्या दरबारात गेले. पोलंडच्या राजाचे स्थळ चालून आले असता त्यासाठी कॅथलिक होणे तिने साफ नाकारले. मे १६४३ मध्ये तिने देकार्तला पत्राने विचारले, की आत्मा जर केवळ चिंतनस्वरूप आणि विस्तारहीन असेल, तर तो जड देहाला हालवितो कसा? तत्त्ववेत्त्याने पदार्थाच्या वजनाचा दृष्टांत दिला, तो तिला पटला नाही; तेव्हा अशा चिंतनाला वर्षातून थोडेच तास द्यावेत असे त्याने सुचविले, आणि त्यात उपदेशापेक्षा सुटकेची इच्छाच मला अधिक दिसते. पुढच्या वर्षी त्याने 'तत्त्वज्ञानाची मूलतत्त्वे' हा ग्रंथ तिला अर्पण केला. प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला.

स्वतःला पटेल तेच मानण्याचा हा हट्ट मठाचा कारभार हाती आल्यावर तिला महाग पडला. १६७० साली पूर्वीचा जेझुइट लाबादी याच्या अनुयायांना, आणि त्यांच्यासमवेत आलेल्या आपल्या विदुषी मैत्रिणीला, आना मारिया फान शुर्मान हिला, तिने आश्रय दिला. सामायिक मिळकतीने राहणाऱ्या या परक्यांना पाहून शहर खवळले आणि फिर्याद साम्राज्याच्या न्यायदरबारापर्यंत गेली. एलिझाबेथने आपला आतेभाऊ, ब्रांडेनबुर्गचा अधिपती, याचे पाठबळ मिळविले. पण ज्या ब्रांडेनबुर्गने शहराचे स्वातंत्र्य एका पिढीच्या आत हिरावले होते, त्याचेच संरक्षण या पाहुण्यांना लाभावे, हे नगरवासीयांना झोंबले असल्यास त्यांना सर्वस्वी दोष देण्यास मी तयार नाही. १६७२ मध्ये ती मंडळी आल्टोनाला निघून गेली. तरीही १६७७ साली क्वेकर विल्यम पेन याचे तिने मनःपूर्वक स्वागत केले.

१६८० साली ती निवर्तली. देकार्तला लिहिलेली आपली पत्रे प्रसिद्ध करण्यास तिने संमती दिली नव्हती, आणि ती १८७९ मध्ये प्रथम छापली गेली. आता ती उपलब्ध असताना आपल्या महाविद्यालयांतील तत्त्वज्ञानाच्या अध्यापकांनी देकार्तच्या उत्तरांबरोबर तिचे प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत.