सत्राअखेरची परीक्षा प्रौढांच्या इंग्रजीचे नेमके काय मोजते?

बेंगळुरू : प्रौढांसाठी चालणाऱ्या इंग्रजीच्या वर्गांत सत्राचा अखेरचा आठवडा बहुधा ठरावीक पद्धतीने जातो. काळ, विभक्ती आणि शब्दयोगी रूपांची घाईने उजळणी होते, रिकाम्या जागा भरण्याची लेखी परीक्षा घेतली जाते, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि वर्ग पांगतो. अशा वर्गांत रुग्णालयातील परिचारिका असतात, दुकानातील विक्रेते असतात, सुरक्षारक्षक आणि कार्यालयीन कर्मचारी असतात. कामाच्या पाळ्या सांभाळून आणि पदरमोड करून ते शिकायला येतात. शिकलेली भाषा कामाच्या ठिकाणी उपयोगी पडेल की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. सत्राअखेरची परीक्षा या प्रश्नाचे उत्तर देते का, हा इंग्रजी अध्यापनातील जुना वाद आहे. त्या वादाला जगभर दिशा देणारा एक प्रयोग चार दशकांपूर्वी बेंगळुरूमध्येच सुरू झाला होता.

बंगलोर प्रकल्प

दक्षिणेकडील राज्यांतील इंग्रजीच्या शिक्षकांना प्रशिक्षण देण्यासाठी १९६३ मध्ये बेंगळुरूत रिजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश ही संस्था स्थापन झाली. त्या काळी देशभरातील शाळांत वाक्यरचनांची क्रमवार यादी करून, एकेक रचना घोटवून घेत इंग्रजी शिकवण्याची पद्धत रूढ होती. विद्यार्थी वर्गात अचूक वाक्ये म्हणत असत. मात्र वर्गाबाहेर तीच वाक्ये त्यांना सुचत नसत. या अनुभवातून ब्रिटिश कौन्सिलच्या तत्कालीन मद्रास कार्यालयातील भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ मध्ये या संस्थेच्या साहाय्याने एक प्रकल्प हाती घेतला. दक्षिणेतील काही शाळांत तो १९८४ पर्यंत चालला. भाषाशिक्षणाच्या इतिहासात तो ‘बंगलोर प्रकल्प’ या नावाने ओळखला जातो.

प्रभू यांनी वाक्यरचनांची यादी बाजूला ठेवली आणि तिच्या जागी कृतींचा क्रम आखला. रेल्वेचे वेळापत्रक वाचून प्रवास ठरवणे, नकाशा पाहून वाट सांगणे, दिनदर्शिकेवरून हिशेब करणे, अशा त्या कृती होत्या. शिक्षक आधी तशीच एक कृती सर्व वर्गाकडून तोंडी सोडवून घेत आणि मग प्रत्येक विद्यार्थी दुसरी कृती स्वतः सोडवीत असे. उत्तर बरोबर आले की नाही, हे पाहिले जाई. भाषेतील चुका शिक्षक जाता जाता सुधारत. त्यांच्यासाठी वेगळा तास नसे. किमान निम्म्या विद्यार्थ्यांना किमान निम्मी कृती जमली, तर ती त्या वर्गासाठी योग्य काठिण्याची मानली जाई. मन अर्थ लावण्यात गुंतलेले असताना व्याकरण नकळत आत्मसात होते, हे या मांडणीमागील गृहीतक होते. प्रभू यांनी १९८७ मध्ये ‘सेकंड लँग्वेज पेडागॉजी’ या पुस्तकात त्याचे सविस्तर विवेचन केले.

जशी परीक्षा, तसा निकाल

प्रकल्प संपत आला तेव्हा त्याचे मूल्यमापन करणे भाग होते. ॲलन बेरेटा आणि ॲलन डेव्हिस या अभ्यासकांनी ते केले आणि १९८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोणत्याही एका प्रश्नपत्रिकेने दोन पद्धतींना सारखा न्याय मिळणार नाही, हे ओळखून त्यांनी निरनिराळ्या चाचण्या घेतल्या. वाक्यरचनेची चाचणी जुन्या पद्धतीने शिकलेल्यांना अनुकूल होती, तर कृतींवर आधारलेली चाचणी प्रकल्पातील विद्यार्थ्यांना. त्याखेरीज संदर्भासह व्याकरण, श्रुतलेखन आणि आकलन या चाचण्या होत्या. त्या कोणत्याही पद्धतीकडे झुकू नयेत, असा प्रयत्न होता.

निकाल बोलका होता. वाक्यरचनेच्या चाचणीत जुन्या पद्धतीचे विद्यार्थी सरस ठरले आणि कृतींच्या चाचणीत प्रकल्पातील विद्यार्थी. तटस्थ चाचण्यांत एकंदर कल प्रकल्पाच्या बाजूने होता, पण तो सर्वत्र सारखा नव्हता. तुलनेसाठी घेतलेले वर्ग शाळेत आधीपासून होते तसेच वापरले गेले होते. त्यामुळे हे निष्कर्ष जपून वापरावेत, असेही पुढे सांगितले गेले. तरीही एक गोष्ट या मूल्यमापनातून स्पष्ट झाली. रचना ओळखता येणे आणि भाषेने काम साधता येणे या दोन निराळ्या क्षमता आहेत. यांपैकी एकीची परीक्षा घेऊन दुसरीबद्दल प्रमाणपत्र देता येत नाही.

बंगलोर प्रकल्पातील विद्यार्थी शाळकरी मुले होती. प्रौढांच्या बाबतीत हा धडा अधिकच लागू पडतो. मुलाच्या पुढ्यात शिक्षणाची आणखी वर्षे असतात. प्रौढाला मात्र पुढच्या सोमवारी कामावर हजर राहायचे असते.

चूक कोणती आणि तिची किंमत किती

मराठी किंवा कन्नड बोलणारा प्रौढ इंग्रजी शिकतो, तेव्हा त्याच्या काही चुका मातृभाषेच्या घडणीतून येतात. दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजीत ते कर्त्याला लागून येते. ‘मला ताप आला आहे’ या वाक्यात ताप येतो आणि माणूस चतुर्थीत राहतो. इंग्रजीत माणूसच कर्ता होतो. इंग्रजी नामापूर्वी येणाऱ्या ‘अ’ आणि ‘द’ यांना मराठीत थेट जोड नाही. मराठीतील ‘आपण’ आणि ‘आम्ही’ या दोहोंसाठी इंग्रजीत ‘वी’ हा एकच शब्द आहे. ‘खर्च आपण करू’ आणि ‘खर्च आम्ही करू’ यांतील फरक मराठी माणूस एका शब्दाने दाखवतो. इंग्रजीत तो आणखी शब्द घालून स्पष्ट करावा लागतो.

मात्र या सर्व चुका सारख्याच महाग नसतात. ‘मी दोन वर्षांपासून येथे काम करतो आहे’ हे वाक्य अनेक भारतीय ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’ असे सांगतात. लेखी परीक्षेत त्याचे गुण जातात, पण ऐकणाऱ्याला अर्थ कळतो. याउलट, रुग्णालयात पाळी बदलताना ‘हॅज बीन गिव्हन’ आणि ‘हॅज टू बी गिव्हन’ यांत गल्लत झाली, तर औषध देऊन झाले आहे की अजून द्यायचे आहे, हेच उलटे होते. रिकाम्या जागांच्या प्रश्नपत्रिकेत या दोन्ही चुकांना एकच गुण असतो. परिचारिकेच्या कामात मात्र पहिली चूक खपून जाते आणि दुसरी रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

म्हणून कृतींवर आधारित परीक्षा घेणे म्हणजे व्याकरणाकडे दुर्लक्ष करणे नव्हे. कोणते व्याकरण कोणत्या कामासाठी अपरिहार्य आहे, हे अशा परीक्षेत आधी ठरवावे लागते. परिचारिकेसाठी पाळीचा तोंडी अहवाल, सुरक्षारक्षकासाठी आगंतुकाची चौकशी आणि नोंदवहीतील नोंद, विक्रेत्यासाठी तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकाशी संवाद, असे परीक्षेचे घटक त्यातून निघतात.

चौपन्न तासांचे गणित

सत्राअखेर अनेक प्रौढ निराश होतात, यामागे तासांचे साधे गणितही आहे. युरोपीय परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषिक चौकटीत ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पातळ्या आहेत. प्रत्येक पातळीवर शिकणाऱ्याला काय करता येते, याची वर्णने तीत दिली आहेत. केंब्रिजच्या परीक्षा मंडळाच्या अंदाजानुसार आरंभापासून ए-२ पातळी गाठण्यास मार्गदर्शनाखालील सुमारे १८० ते २०० तास लागतात, बी-१ साठी ३५० ते ४०० तास आणि बी-२ साठी ५०० ते ६०० तास.

बारा आठवड्यांचे सत्र, आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक दिवशी दीड तास असा वर्ग धरला, तर सत्राचे एकूण ५४ तास होतात. ए-२ ते बी-१ हे अंतर साधारण १७० ते २०० तासांचे आहे. म्हणजे एकही दिवस न चुकवणारा विद्यार्थी एका सत्रात फार तर त्याचा एक तृतीयांश भाग ओलांडतो. त्या टप्प्यावर संपूर्ण पातळीची परीक्षा घेतली, तर त्याच्या हाती अपयशाखेरीज काही लागत नाही. पातळीच्या वर्णनांतून सत्रात साध्य होतील अशी चार-पाच कामे निवडून त्यांचीच परीक्षा घेतली, तर झालेली प्रगती त्याला दिसते आणि उरलेले अंतरही कळते. पुढच्या सत्राला पैसे भरायचे की नाही, हा निर्णय मग तो डोळसपणे घेऊ शकतो.

कॅनडाचा अनुभव

नवागत प्रौढांसाठी कॅनडा सरकार चालवत असलेल्या भाषावर्गांत या दिशेने बराच प्रयत्न झाला आहे. तेथील राष्ट्रीय मानकांत भाषाक्षमतेच्या बारा पातळ्या आहेत. केवळ अखेरच्या परीक्षेवर विसंबून न राहता सत्रभर केलेल्या कामांची नोंद विद्यार्थ्याच्या संचिकेत जमा होते. डॉक्टरांची भेट ठरवणे, अर्ज भरणे, घरमालकाला पत्र लिहिणे अशी ती कामे असतात. सत्र संपताना शिक्षक या संचिकेच्या आधारे पातळी ठरवतात. विद्यार्थ्याच्या हाती गुणांसोबत कामांचा पुरावा येतो. या पद्धतीची किंमतही आहे. नोंदी ठेवण्याचा आणि कागदपत्रे तपासण्याचा बोजा वाढल्याची तक्रार तेथील शिक्षकांनी केली आहे. भरलेल्या वर्गाला एकच शिक्षक असेल, तेथे अशी संचिका दोन-तीन नोंदींपुरती मर्यादित ठेवणेच व्यवहार्य ठरते.

परीक्षेचा आणखी एक परिणाम शिक्षकांच्या ओळखीचा आहे. परीक्षेत जे येते तेच सत्रभर शिकवले जाते. परीक्षेचा अध्यापनावर होणारा हा उलट परिणाम किती आणि कसा होतो, याची चर्चा चार्ल्स ॲल्डरसन आणि डायन वॉल यांनी १९९३ मधील लेखात केली. केवळ परीक्षा बदलल्याने शिकवणे आपोआप बदलत नाही. त्यासाठी शिक्षकांची तयारीही लागते, असे पुढील अभ्यासांत दिसून आले. शेवटच्या आठवड्यात तोंडी कामे ठेवायची असतील, तर पहिल्या आठवड्यापासून वर्गात बोलण्याला वेळ द्यावा लागतो.

सत्र संपल्यानंतर

शिकलेले विसरण्याचा वेग आरंभी सर्वाधिक असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरी बाहरिक यांनी १९८४ मध्ये शाळा-महाविद्यालयांत स्पॅनिश शिकलेल्या ७३३ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या तीन ते सहा वर्षांत ज्ञान झपाट्याने घटते. त्यानंतर जे उरते ते काही दशके टिकून राहते, असे त्यात आढळले. मुळात ज्यांचे शिक्षण अधिक पक्के झाले होते, त्यांच्यापाशी अधिक उरले होते.

प्रौढांच्या वर्गासाठी याचा अर्थ व्यावहारिक आहे. अखेरच्या आठवड्यात नवा धडा घेण्यापेक्षा सत्रात केलेली कामे अंतराअंतराने पुन्हा करून घेणे अधिक फलदायी ठरते. निरोपाच्या दिवशी प्रत्येकाच्या हाती पुढील महिन्याचा छोटा कार्यक्रम देता येतो. कामावरचे कोणते संभाषण इंग्रजीत करायचे, कोणती नोंद इंग्रजीत लिहायची, दर आठवड्याला कोणत्या सहाध्यायीशी दूरध्वनीवर बोलायचे, एवढे त्यात पुरेसे आहे. प्रमाणपत्रावर अभ्यासक्रमाचे नाव आणि कालावधी यांच्यासोबत ‘दूरध्वनीवरून निरोप घेऊन तो लिहून ठेवता येतो’ किंवा ‘पाळीचा अहवाल तोंडी देता येतो’ अशी दोन वाक्ये आली, तर ते विद्यार्थ्यालाही कळते आणि त्याला काम देणाऱ्यालाही.

‘सर्वोत्तम पद्धत अशी काही नसते, का?’ अशा आशयाचे शीर्षक असलेला लेख प्रभू यांनी १९९० मध्ये लिहिला. कोणती पद्धत श्रेष्ठ, यापेक्षा शिकवणाऱ्याला आपल्या वर्गात काय घडते आहे याची जाण असणे महत्त्वाचे, असा त्यांचा रोख होता. सत्राअखेरची परीक्षा ही ती जाण तपासून पाहण्याची संधी असते. वर्षभराच्या नोकरीतून वाचवलेले ५४ तास विद्यार्थ्याने शिक्षकाच्या हाती दिलेले असतात, आणि त्यांतून त्याला काय करता येऊ लागले, हे त्याला नेमक्या शब्दांत सांगण्याची जबाबदारी शिक्षकावर येते.