छपराखालील शर्यती आणि ब्रिटनचे होतकरू धावपटू



बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु पाय दिसले म्हणजे पुढची सारी वाटचाल दिसली काय? या प्रश्नाचा विचार करण्यास ब्रिटनमधील हिवाळी शर्यतींइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. तेथे डिसेंबरपासून मार्चपर्यंत मैदाने ओली व थंड असतात. म्हणून धावण्याच्या, उड्यांच्या व गोळाफेकीच्या स्पर्धा मोठ्या बंदिस्त इमारतींत भरतात. यालाच इंग्रज लोक 'इनडोअर' हंगाम म्हणतात. दरवर्षी याच हंगामात एखादे अठरा-वीस वर्षांचे नाव एकाएकी वर्तमानपत्रांत झळकते, आणि सारे राष्ट्र त्याच्याकडे पदकाच्या आशेने पाहू लागते. त्या आशेचे मोल किती धरावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ही प्रथा पुष्कळ जुनी आहे. लंडनच्या अॅशबर्नहॅम हॉलमध्ये १८६३ साली छपराखाली धावण्याची स्पर्धा झाल्याची नोंद आहे. पुढे १९३५ साली वेम्बली येथे इंग्लंडच्या हौशी खेळाडूंच्या संघाने आपले पहिले बंदिस्त अजिंक्यपद भरविले. १९६५ पासून १९९१ पर्यंत या खेळाचे माहेरघर म्हणजे श्रॉपशायर परगण्यातील कॉसफर्ड येथील विमानदलाची इमारत होती. जेथे विमाने ठेवावयाची, तेथे मुले-मुली फळ्यांच्या धावमार्गावर धावत. त्यानंतर बर्मिंगहॅम, शेफील्ड व ग्लासगो येथे या खेळासाठी योग्य अशी भव्य क्रीडागृहे उभी राहिली. जागतिक बंदिस्त स्पर्धा २००३ व २०१८ साली बर्मिंगहॅमला आणि २०२४ साली ग्लासगोला भरल्या.

छपराखालची शर्यत उघड्या मैदानावरील शर्यतीहून कोणत्या बाबतीत भिन्न असते, हे प्रथम समजून घेऊ. बाहेरचा धावमार्ग ४०० मीटरांचा असतो, आतला केवळ २०० मीटरांचा. त्यामुळे आतली वळणे फार आखूड असतात. गोफणीत दगड घालून ती फिरविली की दगड हाताला बाहेर ओढतो; दोरी आखूड केली आणि वेग तोच ठेवला, तर ती ओढ वाढते. वळणावरील धावपटूची स्थिती नेमकी अशीच होते. बाहेरच्या वळणाची त्रिज्या सुमारे साडेछत्तीस मीटर, तर आतल्या वळणाची सुमारे साडेसतरा मीटर असते. चोपन्न किलो वजनाची मुलगी सेकंदास आठ मीटर वेगाने धावत आहे असे समजा. बाहेर तिला वळणावर सुमारे दहा किलोंच्या भाराइतकी ओढ सोसावी लागेल, तर आत सुमारे वीस किलोंची. ही ओढ पेलता यावी म्हणून आतल्या धावमार्गाची बाहेरची कड वळणावर उंच उचललेली असते. तरीही सर्वांत आतल्या पट्ट्यात धावणाऱ्याची कुचंबणा होतेच. पट्ट्याच्या सोडतीवरच निकाल ठरू लागला, म्हणून २०० मीटरांची शर्यत जागतिक बंदिस्त स्पर्धेतून २००४ नंतर व युरोपीय स्पर्धेतून २००५ नंतर वगळण्यात आली.

दुसरा भेद गर्दीचा होय. चारशे मीटरांच्या शर्यतीत पहिली फेरी ज्याने त्याने आपापल्या पट्ट्यात धावावयाची आणि मग सर्वांनी आतल्या कडेकडे धाव घ्यावयाची. जो त्या क्षणी पुढे असतो, त्याला मागे टाकणे अतिशय कठीण जाते. कारण कडेपासून एक मीटर बाहेरून धावणाऱ्यास प्रत्येक फेरीत सव्वासहा मीटर अंतर अधिक पडते. आठशे मीटरांच्या चार फेऱ्यांत हे नुकसान पंचवीस मीटरांवर जाते. म्हणून येथे केवळ पायांचा वेग पुरत नाही. क्षणात निर्णय घेणारे डोके लागते, आणि कोपराला कोपर घासले तरी न बिचकणारे मन लागते.

तिसरा भेद हवामानाचा. आत वारा नाही, पाऊस नाही. बाहेर पाठीमागून सेकंदास दोन मीटरांहून अधिक वेगाचा वारा असल्यास शंभर मीटरांचा विक्रम मान्य होत नाही. आत हा वादच उद्भवत नाही. घड्याळात जो आकडा दिसतो तो निव्वळ धावणाऱ्याचा. मात्र शंभर मीटरांऐवजी येथे साठ मीटरच धावावे लागते, आणि भाला, थाळी व हातोडा यांस छपराखाली जागा नाही. तेव्हा ही परीक्षा चोख असली तरी अपुरी आहे. सुरुवातीची झेप, आखूड अंतरातील वेग आणि धिटाई यांची ती परीक्षा घेते. उन्हाळाभर टिकून राहण्याची शक्ती मात्र तिला मोजता येत नाही.

ही मर्यादा ध्यानात ठेवून आता काही खेळाडूंची चरित्रे पाहू.

जमेकात जन्मलेली आणि आठव्या वर्षी लंडनला आलेली मॅरिलिन न्यूफव्हिल ही १९७० साली अवघी सतरा वर्षांची होती. त्या मार्चमध्ये तिने व्हिएन्ना येथे ब्रिटनतर्फे धावून युरोपीय बंदिस्त स्पर्धेतील चारशे मीटरांचे सुवर्णपदक जिंकले. त्याच जुलै महिन्यात एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ती जन्मभूमी जमेकाच्या बाजूने धावली आणि ५१.० सेकंदांचा जागतिक विक्रम करून गेली. सतराव्या वर्षी याहून अधिक कोणी काय करावे? परंतु पुढे दुखापतींनी तिला ग्रासले आणि ऑलिंपिकचे पदक तिच्या वाट्यास आले नाही. बहर खरा होता, त्यात खोट काहीच नव्हती. फळ धरण्यापूर्वीच तो गळाला.

लिव्हरपूलच्या कॅटरिना जॉन्सन-थॉम्पसनची कथा निराळी आहे. १ दिवसात ५ प्रकारांची कसोटी पाहणारी पंचक स्पर्धा स्त्रियांसाठी छपराखाली होते. २०१५ च्या मार्चमध्ये प्राग येथे बावीस वर्षांच्या कॅटरिनाने या स्पर्धेत बरोबर ५००० गुण मिळविले. जागतिक विक्रम केवळ १३ गुणांनी हुकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत सप्तक स्पर्धेसाठी ती उतरली. लांब उडी हा तिचा हातखंडा प्रकार, जागतिक बंदिस्त स्पर्धेत रौप्यपदक मिळवून देणारा. नेमक्या त्याच प्रकारात तिच्या तिन्ही उड्या बाद ठरल्या आणि पदकाची आशा मावळली. टीकाकारांनी मानेवर खडा ठेवून निकाल दिला की, मन कच्चे आहे. परंतु तिने चार वर्षे धीर धरला आणि २०१९ साली दोहा येथे ६९८१ गुणांचा ब्रिटिश विक्रम करून जागतिक सुवर्णपदक मिळविले. टोकियोत धावता धावता पाय दुखावून ती खाली बसली. तरी दोन वर्षांनी बुडापेस्टला ती पुन्हा जगज्जेती झाली. ऑलिंपिक पदक तिला लाभले ते २०२४ साली पॅरिसला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. प्रागच्या त्या संध्याकाळपासून ऑलिंपिकच्या रौप्यपदकापर्यंतचे अंतर नऊ वर्षांचे होते.

याउलट काहींचा मार्ग सरळ असतो. मँचेस्टरजवळच्या अॅथर्टन गावची कीली हॉजकिन्सन ३ मार्च २००२ रोजी जन्मली. योगायोग असा की, त्याच दिवशी व्हिएन्ना येथे स्लोव्हेनियाच्या योलांडा चेप्लाकने आठशे मीटरांचा १ मिनिट ५५.८२ सेकंदांचा बंदिस्त जागतिक विक्रम केला होता, आणि तो वीस वर्षांहून अधिक काळ अबाधित राहिला. २०२१ च्या जानेवारीत त्याच व्हिएन्नात अठरा वर्षांच्या कीलीने १ मिनिट ५९.०३ सेकंदांत हे अंतर तोडून वीस वर्षांखालील मुलींचा जागतिक बंदिस्त विक्रम केला. मार्चमध्ये पोलंडमधील तोरुन येथे ती युरोपची अजिंक्य ठरली. एकोणीस वर्षे पूर्ण होऊन तिला अवघे चार दिवस झाले होते. त्या उन्हाळ्यात टोकियोत तिने रौप्यपदक मिळविले आणि केली होम्सचा १९९५ सालचा ब्रिटिश विक्रम मोडला. तीन वर्षांनी पॅरिसला सुवर्णपदक तिच्या गळ्यात पडले. तिच्या या प्रगतीमागे ट्रेव्हर पेंटर व जेनी मेडोज या मार्गदर्शक दांपत्याचा हात आहे. मेडोज स्वतः आठशे मीटरांची धावपटू. बर्लिनच्या २००९ सालच्या जागतिक स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळविले होते. ज्याने स्वतः ती वाट चालली आहे, त्याचे बोट धरावयास मिळणे हे तरुण खेळाडूचे मोठे भाग्य होय.

पॅरिसमध्ये कीलीने सुवर्ण जिंकले तो दिवस ५ ऑगस्ट २०२४. त्याच दिवशी सकाळी दुसऱ्या एका ब्रिटिश मुलीचे स्वप्न भंगले होते. कॉर्नवॉलची मॉली कॉडरी ही बांबूउडीची खेळाडू. वजने उचलण्याच्या सरावात तिचे बोट भयंकर चिरडले होते, शस्त्रक्रिया कराव्या लागल्या होत्या. तरी २०२४ च्या मार्चमध्ये ग्लासगोला, आपल्याच देशवासीयांसमोर, ४.८० मीटर ओलांडून ती बंदिस्त स्पर्धेतील जगज्जेती झाली. जूनमध्ये तिने ४.९२ मीटरांचा ब्रिटिश विक्रम केला. आणि पॅरिसला पात्रता फेरीत ४.५५ मीटरांची उंची, जी तिला एरव्ही सहज साधे, तिन्ही प्रयत्नांत तिच्याकडून ओलांडली गेली नाही. जिंकण्यास व हरण्यास एकच खेळाडू कसा समर्थ असतो, हे यावरून दिसते. मार्चचे सुवर्ण ऑगस्टची हमी देत नाही. तसेच ऑगस्टचे अपयश मार्चचे सुवर्ण खोटे ठरवीत नाही.

कार्डिफच्या जेरेमाया अझूने याची उलट बाजू दाखविली. पॅरिसला शंभर मीटरांच्या प्राथमिक फेरीत इशारा होण्यापूर्वीच निघाल्यामुळे तो बाद झाला. चौघांच्या शर्यतीतील कांस्यपदकाने ते दुःख थोडे हलके केले इतकेच. सुरुवातच ज्याची चुकली, त्याने पुढील हंगामात अशा शर्यतीवर लक्ष केंद्रित केले की जिच्यात सुरुवात हेच सर्वस्व असते. २०२५ च्या मार्चमध्ये एकाच महिन्यात तो साठ मीटरांत प्रथम युरोपचा व नंतर नानजिंग येथे जगाचा अजिंक्य ठरला. दोन्ही वेळा ६.४९ सेकंद. त्याच नानजिंगला अँबर अॅनिंगने ५०.६० सेकंदांत चारशे मीटरांचे सुवर्ण मिळविले. त्याच हिवाळ्यात डेव्हनच्या इनेस फिट्झजेराल्ड या मुलीने तीन हजार मीटरांत वीस वर्षांखालील मुलींचा युरोपीय बंदिस्त विक्रम केला. विमानप्रवासाने हवामानाची हानी होते, म्हणून २०२३ साली ऑस्ट्रेलियातील जागतिक स्पर्धेस जाण्याचे हिनेच नाकारले होते. होतकरू मुले म्हणजे केवळ पदकांची यंत्रे नव्हेत, त्यांना स्वतःची मते असतात, याची आठवण तिने मोठ्यांना करून दिली.

शेवटी एक उदाहरण अशांसाठी, ज्यांची नावे एकदा छापून येतात आणि मग दिसेनाशी होतात. जॉर्जिया हंटर बेल शालेय वयात चमकली, मग दुखापतींना व निराशेला कंटाळून तिने शर्यती सोडल्या आणि नोकरी धरली. कित्येक वर्षांनंतर केवळ आनंदासाठी ती पुन्हा धावू लागली, आणि कीलीच्याच मार्गदर्शकांकडे परतली. ग्लासगोच्या बंदिस्त स्पर्धेत ती पंधराशे मीटरांत चौथी आली, पॅरिसला ऑलिंपिक कांस्यपदक घेऊन आली. तेव्हा तिचे वय तीस वर्षांचे होते. सोळाव्या वर्षीचे तिचे गुण खोटे नव्हते. त्यांना पिकण्यास अवधी हवा होता, इतकेच.

आपल्याकडे आंब्याला मोहोर येतो तोही याच पौष-माघात. भरघोस मोहोर पाहून शहाणा बागाईतदार हरखून जात नाही आणि व्यापाऱ्याशी सौदाही करून टाकीत नाही. धुके पडेल, वारा सुटेल, पुष्कळसा मोहोर झडेल, हे तो जाणून असतो. परंतु म्हणून तो झाडाला पाणी देणे सोडीत नाही. फेब्रुवारीच्या वर्तमानपत्रात एखाद्या कोवळ्या ब्रिटिश धावपटूचे नाव वाचाल, तेव्हा आकड्याबरोबर आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. गर्दीत तो मार्ग कसा काढतो, हरल्यावर पुढच्या शर्यतीला येतो काय, आणि त्याच्या पाठीशी घाई न करणारे कोणी आहे काय. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी त्या मुलाच्या हाती आहेत. तिसरी मात्र सर्वस्वी आम्हा वडीलधाऱ्यांच्या हाती आहे. आणि अनेक मुलांचा मोहोर झडतो तो थंडीने नव्हे, तर या तिसऱ्या गोष्टीच्या अभावी.