राखून ठेवलेले पाणी : इंग्लंडमधील जलाशय आणि वन्यजीवरक्षण

इंग्रजीतील ‘रिझर्व्हॉयर’ आणि ‘रिझर्व्ह’, म्हणजे जलाशय आणि राखीव क्षेत्र, हे दोन्ही शब्द फ्रेंचमार्गे ‘मागे राखून ठेवणे’ या अर्थाच्या एकाच लॅटिन क्रियापदापासून आलेले आहेत. शब्दांचे हे नाते जुने असले, तरी त्या शब्दांनी दर्शविलेल्या वस्तू एकत्र आल्या त्या अलीकडेच. माणसाने स्वतःसाठी साठविलेले पाणी वन्य जिवांचेही आश्रयस्थान ठरावे, ही कल्पना जलाशय बांधणाऱ्यांच्या मनात प्रारंभी नव्हती.

हर्टफर्डशरमधील ट्रिंगचे जलाशय एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केवळ ग्रँड जंक्शन कालव्याला पाणी पुरविण्यासाठी बांधले गेले. कालवा तेथे टेकड्या ओलांडतो; साहजिकच प्रत्येक नौकेबरोबर उंचावरील पाणी दोन्ही बाजूंना उतरत असे व त्याची भरपाई करावी लागे. पूर्व इंग्लंडमधील दलदली शेतीसाठी कोरड्या केल्या गेल्याने पाणपक्ष्यांचे मूळ निवासस्थान आक्रसले होते. अशा स्थितीत या कृत्रिम पाण्याचे मोल वाढले. छोट्या कंठेरी चिखल्याची ब्रिटनमधील पहिली वीण १९३८ मध्ये ट्रिंग येथेच आढळली.

तथापि, पाणी साठले की पक्षी येतातच, असे नव्हे. डुबी मारणाऱ्या पक्ष्यांना खोल पाणी चालते. थापट्यासारख्या बदकांना उथळ पाणी लागते, तर चिखल्यांना ओला, उघडा काठ. उभ्या काँक्रीटच्या काठावर या दुसऱ्या वर्गाला अन्न मिळत नाही. म्हणूनच एसेक्समधील अ‍ॅबर्टन जलाशयाची पातळी २०१० नंतर सुमारे ३ मीटरनी वाढविताना जुने काँक्रीटचे काठ बऱ्याच अंशी काढून तेथे मंद उताराचे मातीचे काठ करण्यात आले.

या विचाराचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे रटलंड वॉटर. ग्वॉश नदीच्या खोऱ्यात १९७० च्या दशकात बांधलेल्या या जलाशयाचे क्षेत्रफळ सुमारे ११ चौरस किलोमीटर आहे. वेलंड व नीन या नद्यांचे पाणी पंपांनी उपसून त्यात आणले जाते. त्याखाली नेदर हॅम्बल्टन हे खेडे गेले, ही त्याची किंमत विसरता येणार नाही. येथे पश्चिम टोकाशी बांध घालून उथळ तळी मुख्य पाण्यापासून वेगळी राखली आहेत. उन्हाळ्यात पुरवठ्यासाठी उपसा वाढला, तरी या तळ्यांची पातळी स्वतंत्रपणे राखता येते. १९९६ पासून स्कॉटलंडमधून ऑस्प्रे या मत्स्यभक्षी शिकारी पक्ष्याची पिल्ले आणून येथे सोडण्यात आली व २००१ मध्ये त्यांची पहिली वीण यशस्वी झाली.

रटलंड व अ‍ॅबर्टन या दोहोंना रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्व लाभले आहे. गोदावरीवरील बंधाऱ्यामुळे निर्माण झालेले नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळही याच जातीचे होय.

मात्र घोषणेने मूळ पेच सुटत नाही. दुष्काळात नळाचे पाणी व पक्ष्यांचे पाणी एकच असते, आणि अशा वेळी आधी कोणाची तहान भागवली जाते, हे उघड आहे. म्हणून पक्ष्यांचा वाटा आराखड्यातच, बांध व काठ यांच्या रूपाने, राखून ठेवावा लागतो. तसे झाले, तरच जलाशय हा राखीव क्षेत्र या नावास पात्र ठरतो.