तुरटीतून उमललेलं लाल फूल

पारंपरिक बगरू छापाच्या सुती ड्रेसवरची लाल फुलं ठशाने छापली जातात तेव्हा त्यांत तो लाल नसतोच. सुताचा तंतू म्हणजे सेल्युलोज. बहुतेक वनस्पतिजन्य रंग त्याला नुसते धरत नाहीत, धुतले की निघतात. म्हणून जयपूरजवळच्या बगरूचे छिपा कारागीर कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवतात. त्यातलं टॅनिन तंतूंत मुरतं, कापड पिवळसर होतं. (हिरडा आपल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतही वेचला जातो.)

पुढचं रसायनशास्त्र मला फार देखणं वाटतं. गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात बरेच दिवस आंबवतात. त्याची खळ ठशाने लावली, की लोह आणि टॅनिन एकत्र येऊन गडद काळा रंग कापडावरच तयार होतो. फुलांसाठी छापतात ती तुरटीची खळ. छाप दिसावा एवढ्यासाठी तिच्यात गेरू घालतात. मग सगळं कापड अलिझरिन या रंगद्रव्याच्या पाण्यात उकळतात आणि जिथे तुरटी, तिथेच पक्का लाल फुटतो. तुरटीतलं अॅल्युमिनियम एका हाताने कापडाला आणि दुसऱ्या हाताने रंगाच्या रेणूला धरून ठेवतं. पूर्वी असा लाल मंजिष्ठा, आल यांच्या मुळांतून मिळे. अलिझरिन १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी प्रयोगशाळेत बनवलं.

असा ड्रेस सावलीत वाळवावा आणि लिंबाच्या रसापासून जपावा. आम्ल लोहाला ओढून घेतं, काळी रेघ तिथे फिकी पडते.