घाट, ट्रक आणि पंख्याचा क्लच

नानाखेड्याच्या बसस्टँडजवळून इंदूरकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ आपण रोज पाहतो. त्यांतले कितीतरी ट्रक इंदूर ओलांडून खंडव्याच्या वाटेने निमाडात उतरतात आणि माल भरून पुन्हा माळव्यावर चढतात. नर्मदाकाठापासून इंदूरच्या पठारापर्यंत तीनशे मीटरांहून अधिक चढ आहे. त्यातला अवघड भाग म्हणजे भेरूघाट. मे महिन्याच्या दुपारी भरलेला ट्रक खालच्या गिअरमध्ये हा घाट चढू लागला की तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकतो. मग गॅरेजमध्ये हमखास सल्ला मिळतो, "पंखा डायरेक्ट करून टाका." हा सल्ला मानावा का, हे समजून घेण्यासाठी आधी पंख्याचे काम पाहू.

पंख्याची गरज केव्हा?

डिझेल जळून निर्माण झालेल्या ऊर्जेपैकी चाकांपर्यंत थोडाच भाग पोहोचतो. बरीच उष्णता धुराबरोबर निघून जाते आणि मोठा वाटा इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटमध्ये उतरतो. हे गरम कूलंट रेडिएटरमध्ये येऊन हवेने थंड होते. सपाट रस्त्यावर ट्रक वेगात असताना समोरची हवाच बहुतेक काम करते. घाटात मात्र जोर जास्त आणि वेग कमी असतो, त्यामुळे हवा ओढण्याचा सगळा भार पंख्यावर पडतो. म्हणजे पंखा सदासर्वकाळ जोरात फिरण्याची गरज नाही, पण गरजेच्या वेळी तो फिरलाच पाहिजे. ही निवड करणारा भाग म्हणजे व्हिस्कस फॅन क्लच. पायाने दाबायच्या क्लचशी याचा संबंध नाही.

दाट तेलाची करामत

या क्लचमध्ये एक तबकडी इंजिनाबरोबर फिरते आणि पंखा बाहेरच्या डबीवर बसवलेला असतो. दोघांना जोडणारा नट-बोल्ट नसतो. त्यांच्यामध्ये बारीक खाचा असतात आणि त्यांत सिलिकॉनचे दाट तेल येते. मधात चमचा फिरवला की वाटीही फिरू पाहते, तसेच हे तेल तबकडीचे फिरणे डबीपर्यंत पोहोचवते. सिलिकॉन तेलच वापरतात, कारण इतर तेलांच्या मानाने ते तापल्यावर कमी पातळ होते.

क्लचच्या तोंडाशी दोन धातूंची जोडपट्टी असते. तापल्यावर दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून पट्टी वळते. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की ही पट्टी आतली झडप उघडते, साठ्यातले तेल खाचांत शिरते आणि पंखा जोर धरतो. हवा थंड झाली की झडप मिटते, तेल साठ्यात परत जाते आणि पंखा सुस्तावतो. सकाळी गाडी सुरू करताच पंखा मिनिटभर घोंगावतो, कारण रात्रभरात तेल खाचांत उतरलेले असते. तो बिघाड नव्हे.

घनाचा हिशेब

पंख्याचा वेग दुप्पट केला तर दर सेकंदाला दुप्पट हवा ढकलली जाते. शिवाय त्या हवेचा वेगही दुप्पट होतो, म्हणजे तिची गतिज ऊर्जा चौपट होते. दोन गुणिले चार म्हणजे आठ. हवा दुप्पट मिळते, पण शक्ती आठपट लागते. समजा, एखाद्या पंख्याला मिनिटाला १००० फेऱ्यांवर १ अश्वशक्ती लागते. मग २००० फेऱ्यांवर त्यालाच ८ अश्वशक्ती लागतील. पंखा डायरेक्ट केला, म्हणजे क्लच कायमचा जाम केला, तर घाटातल्या तासाभराच्या सोयीसाठी दिवसभर हे डिझेल जळते. आवाज वाढतो, इंजिनाचा वेग एकदम बदलला की पात्यांना झटके बसतात आणि पट्टा व बेअरिंग लवकर झिजतात. वाटेत क्लच निकामी झाला, तर गाडी हळू चालवत घरी आणण्यापुरता हा उपाय ठीक आहे, कायमचा नाही.

मग बदल करावाच का?

क्लचमध्ये दोन सुधारणा करता येतात. काही क्लचमध्ये जोडपट्टीचे टोक किंचित सरकवून झडप थोड्या कमी तापमानाला उघडेल असे करता येते. गळून कमी झालेले सिलिकॉन तेल, योग्य दाटपणाचे, मोजून भरता येते. मात्र तेल जास्त झाले तर साठ्यात जागा उरत नाही आणि पंखा सुटतच नाही. साधे इंजिन ऑइल तर कधीच चालत नाही. दोन्ही कामे जाणकाराचीच आहेत, आणि क्लच जुना झाला असेल तर त्याच गाडीसाठीचा नवा बसवणे बरे.

त्याआधी खरा दोष कुठे आहे ते शोधावे. हंगामात रेडिएटरच्या जाळीत गव्हाचा भुसा, किडे आणि चिखल अडकतो. थर्मोस्टॅट अडकलेला असतो, पट्टा सैल असतो, कूलंट कमी असते किंवा पंख्याभोवतीचा घेर फुटलेला असतो. यांपैकी काही असेल तर क्लच बदलून उपयोग नाही. क्लच तपासायचा तर इंजिन बंद, किल्ली काढलेली आणि गाडी थंड हवी. पंखा हाताने ढकलल्यावर थोडा अडखळत फिरावा. भिंगरीसारखा फिरत राहिला, डगमगला किंवा क्लचवर तेलाचे ओघळ दिसले, तर दोष तिथेच आहे. काढलेला क्लच गाडीवर असतो तसा उभा ठेवावा, आडवा ठेवल्यास तेल गळू शकते.

विद्यार्थी मित्रांनी दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. गाडी चालू असताना पंख्याजवळ हात न्यायचा नाही. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही, कारण आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्याही वर गेलेले असते आणि झाकण निघताच ते उसळून अंगावर येते. पालकांना व विश्वस्तांना आमची विनंती एवढीच, की ओंकारेश्वरच्या सहलीसाठी बस ठरवताना टायर आणि ब्रेकबरोबर रेडिएटरची जाळी, पट्टा आणि पंखाही तपासून घ्यावा. परतीच्या वाटेवर भेरूघाट चढायचा असतो आणि गाडीत आपली मुले असतात.