वायू कोरडा करायचा, पण कशाने?

अमोनिया कोरडा करण्यासाठी तो संहत सल्फ्युरिक आम्लातून सोडला, तर पलीकडच्या नळीतून जवळजवळ काहीच बाहेर येत नाही. पाण्याच्या वाफेबरोबर अमोनियाही आम्लात अडकतो आणि बाटलीत अमोनिअम सल्फेट तयार होते. म्हणून शोषक पाणी किती ओढतो हे नंतर बघायचे. वायूला तो धक्का न लावता जाऊ देतो का, हे आधी.

पहिली पारख आम्ल आणि आम्लारीची. क्लोरीन, हायड्रोजन क्लोराइड, सल्फर डायऑक्साइड यांसारखे आम्लधर्मी वायू सल्फ्युरिक आम्लातून बिनधास्त जातात. कळीच्या चुन्यावरून सोडले तर चुनाच त्यांना खाऊन टाकतो. अमोनियाचे नेमके उलटे, त्याला कळीचा चुनाच लागतो. कॅल्शिअम क्लोराइड हा साधा क्षार वाटतो, पण तोही इथे चालत नाही. त्याचा एक रेणू अमोनियाचे आठपर्यंत रेणू धरून ठेवतो.

दुसरी पारख ऑक्सिडीकरणाची. हायड्रोजन सल्फाइड आम्लधर्मी आहे, तरी संहत सल्फ्युरिक आम्लात तो टिकत नाही. आम्ल गढूळ होते आणि पिवळसर गंधक दिसू लागते. हायड्रोजन ब्रोमाइड सोडला तर ब्रोमीनचा तांबूस रंग येतो. हायड्रोजन सल्फाइडसाठी फॉस्फरस पेंटॉक्साइड वापरतात.

आता किती कोरडा हवा, ते ठरवायचे. २५ अंश सेल्सिअसला संपृक्त हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २३ ग्रॅम पाणी असते. कॅल्शिअम क्लोराइडचे दाणे ते साधारण ०.२ ग्रॅमवर आणतात. फॉस्फरस पेंटॉक्साइडनंतर मिलिग्रॅमचा लहानसा अंशच उरतो. मग सगळीकडे तेच का वापरू नये? कारण पाणी लागताच त्या पांढऱ्या भुकटीवर चिकट थर जमतो आणि आतली भुकटी कोरडीच राहते. म्हणून आधी कॅल्शिअम क्लोराइडच्या नळीत बहुतेक पाणी काढायचे आणि शेवटच्या नळीत काचेच्या लोकरीवर पसरलेले पेंटॉक्साइड ठेवायचे.

पुन्हापुन्हा वापरायचे असेल, तर सिलिका जेल बरे. ते पाण्याशी रासायनिक क्रिया करत नाही, आपल्या बारीक छिद्रांच्या पृष्ठभागावर पाणी धरून ठेवते. १२० ते १५० अंशांना तापवले की पाणी सोडते. कोबाल्ट क्लोराइड मिसळलेले निळे दाणे ओले झाले की गुलाबी होतात. कोबाल्ट आरोग्याला घातक असल्याने आता नारिंगी दाण्यांचे जेलही मिळते.

कारखान्यात मॉलिक्युलर सीव्हचा उपयोग मोठा. ‘३ए’ प्रकाराची छिद्रे सुमारे ३ अँगस्ट्रॉमची असतात. त्यांत पाण्याचा रेणू शिरतो, इथिलीनचा शिरत नाही. त्यामुळे वाफ आत अडकते आणि इथिलीन पुढे जातो. नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप करण्याआधीही असेच शोषक भरलेले मनोरे वापरतात, नाहीतर बर्फ साचून यंत्रातल्या वाटा बुजतात. एक मनोरा वायू कोरडा करत असताना दुसरा तापवून ताजा करून घेतात.

शेवटी मांडणी. आम्लाच्या बाटलीत वायू आणणारी नळी आम्लात बुडालेली आणि बाहेर नेणारी वरच संपणारी हवी. नळ्या उलट जोडल्या, तर वायूच्या दाबाने आम्ल पुढच्या भांड्यात जाते. वायू सावकाश सोडावा आणि शोषक गार ठेवावा, कारण तापला की तो पाणी नीट धरत नाही. मँगनीज डायऑक्साइडपासून केलेला क्लोरीन आधी पाण्यातून नेऊन हायड्रोजन क्लोराइड धुऊन काढतात आणि नंतर आम्लातून नेतात. क्रम उलटला तर कोरडा झालेला वायू पुन्हा ओला होतो. काम झाले का, हे पाहायला नीट वाळवलेला रंगीत कापडाचा तुकडा क्लोरीनच्या बंद बरणीत ठेवावा. रंग टिकला, तर वायू कोरडा आहे. उडाला, तर शोषक बदलायची वेळ झाली.