वजन कागदाचे, शिक्षा माणसाला

जबलपूरच्या उच्च न्यायालयाच्या आवारात अमली पदार्थांचे खटले चालवणाऱ्या वकिलांशी बोलताना माझ्या ध्यानात आले, की सारी भिस्त वजनावर असते. एनडीपीएस कायद्याखाली शंभर मिलिग्रॅम एलएसडी म्हणजे 'व्यावसायिक मात्रा'. शिक्षा किमान दहा वर्षे, जामीन जवळपास दुरापास्त. वस्तुतः तेवढ्या द्रव्याचे शेकडो डोस होतात. परंतु २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिश्रणातील निरुपद्रवी द्रव्याचेही वजन धरण्यास सांगितले आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एलएसडी शोषलेला टिपकागदही त्यात मोजला. आता मोजके तुकडे बाळगणारा तरुणही मोठा व्यापारी ठरू शकतो.

मे २०२५ मध्ये निवर्तलेल्या अमांडा फील्डिंग यांचा लढा याच विसंगतीशी होता. १९९८ मध्ये त्यांनी बेकली फाउंडेशन स्थापन केले. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजसह त्यांनी घडवलेला एलएसडी आणि मेंदूविषयीचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःच्या कवटीला भोक पाडून घेणाऱ्या या बाईंचे सगळेच मला पटत नाही. आधी पुरावा, मग कायदा, हा आग्रह मात्र पटतो.

तो आपल्याला परकाही नाही. १८९३ च्या भांग-गांजा आयोगाने हजारावर साक्षी नोंदवून सरसकट बंदी अनावश्यक ठरवली होती. त्यात मध्य प्रांताच्या सेवेतले अँड्र्यू फ्रेझरही होते. याउलट १९८५ चे विधेयक ऑगस्टअखेरीस मांडले गेले आणि सप्टेंबरात त्यावर राष्ट्रपतींची मोहोरही उमटली.

त्याच कायद्याच्या आठव्या कलमात वैद्यकीय व वैज्ञानिक उपयोगाला मुभा आहे. संशोधनाला वाट करून देण्यासाठी संसदेकडे जाण्याचीही गरज नाही.